सोलापूर–रायचूर 765 केव्ही वाहिनी: रिकामी लाइन चार्ज करतानाच्या स्विचिंग सर्जचा प्रकरण अभ्यास

31 डिसेंबर 2013 रोजी सोलापूर–रायचूर ही 765 केव्हीची पारेषण वाहिनी जोडली गेली आणि दक्षिणेचे ग्रिड देशाच्या उर्वरित ग्रिडशी समकालिक झाले. त्यापूर्वी दक्षिणेशी विजेची देवाणघेवाण होई ती मुख्यतः डीसी मार्गांनी. तालचेर–कोलार ही लांब डीसी वाहिनी, चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावतीचे बॅक-टू-बॅक केंद्र (दोन्हीकडच्या एसी ग्रिडांना एकाच जागी डीसीतून जोडणारे) आणि विशाखापट्टणमजवळचे गाजुवाकाचे तसेच केंद्र ही त्याची ठळक साधने होती. डीसी मार्गाच्या दोन्हीकडच्या वारंवारता स्वतंत्र राहू शकतात, एसी वाहिनी जोडली की त्या एक होतात; त्यामुळे सुमारे 208 किलोमीटर लांबीच्या या वाहिनीविषयी जे लिहिले-बोलले गेले ते बहुतेक ‘एक देश, एक ग्रिड, एक वारंवारता’ याच अंगाने.

इथला विषय त्याहून फार आखूड कालावधीचा आहे. दोन ग्रिड जोडण्याआधी वाहिनी एका टोकाकडून चार्ज करावी लागते, म्हणजे पलीकडचा ब्रेकर (परिपथ जोडणारा-तोडणारा मोठा स्विच) उघडा ठेवून रिकाम्या तारांवर पूर्ण दाब (व्होल्टेज) सोडावा लागतो, आणि अलीकडचा ब्रेकर मिटल्यानंतरच्या, म्हणजे परिपथ जोडला गेल्यानंतरच्या, पहिल्या काही मिलिसेकंदांत तारांवर जो दाब चढतो तो नेहमीच्या दाबापेक्षा कितीतरी अधिक असू शकतो. यालाच स्विचिंग सर्ज म्हणतात. हा दाब किती चढेल, त्याला आवर कशाने घालायचा आणि तो आवर घालताना दुसरीकडे काय बिघडते, एवढेच पाहायचे आहे. हिशेबासाठी सोलापूरचे टोक पुरवठ्याचे आणि रायचूरचे टोक उघडे धरले आहे. लांबी आणि दाब खऱ्या वाहिनीचे आहेत. बाकीचे स्थिरांक प्रत्येक फेजला ‘बर्सिमिस’ प्रकारच्या चार वाहकांचा जुडगा असलेल्या 765 केव्ही एकेरी वाहिनीला साधारणपणे लागू पडतात ते घेतले आहेत. पुढचे आकडे कागदावरच्या हिशेबाचे आहेत, त्या दिवशीच्या मोजणीचे नव्हेत.

मोजपट्टी

765 केव्ही ही नाममात्र संख्या आहे. यंत्रणेचा कमाल दाब 800 केव्ही धरला जातो. फेज ते जमीन या दाबाचे शिखर काढायचे तर 800 ला दोनच्या वर्गमुळाने गुणून तीनच्या वर्गमुळाने भागायचे. उत्तर 653 किलोव्होल्ट येते. हेच एक पर युनिट, बोलीत एक पीयू. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या पारेषण नियोजन निकषांत 765 केव्ही यंत्रणेसाठी स्विचिंग सर्जची मर्यादा 1.9 पीयू, म्हणजे 1241 किलोव्होल्ट आहे, तर 400 केव्हीसाठी ती 2.5 पीयू आहे आणि तिथे एक पीयू 343 किलोव्होल्टचा असल्याने मर्यादा 857 किलोव्होल्टवर येते.

दाब वाढला तशी मर्यादा सैल न होता आवळली गेली, हे पाहून नवख्या माणसाला आश्चर्य वाटते. उपकरणांच्या रोधनाकडे (इन्सुलेशनकडे) पाहिले की कारण दिसते. 400 केव्हीच्या उपकरणांची स्विचिंग आवेग सहनक्षमता 1050 किलोव्होल्ट, म्हणजे तीन पीयूपेक्षा थोडी जास्त असते. 765 केव्हीची 1550 किलोव्होल्ट, म्हणजे जेमतेम 2.37 पीयू. दाब जवळजवळ दुप्पट झाला तरी रोधन दीडपटच वाढवले गेले. तसे करण्यामागे काटकसर आहेच, पण त्या काटकसरीला हवेच्या स्वभावाने भाग पाडले आहे.

वीज कोसळली की येणारा आवेग मायक्रोसेकंदांत चढतो. प्रयोगशाळेत तो 1.2/50 या लाटेने (चढायला 1.2 मायक्रोसेकंद, निम्म्यावर उतरायला 50) दाखवतात. स्विचिंगचा आवेग शेकडो मायक्रोसेकंद घेत चढतो आणि त्याची प्रमाण लाट 250/2500 अशी आहे. संथ चढणाऱ्या या लाटेत हवेतील ठिणगीला पुढे सरकायला पुरेसा अवकाश मिळतो, म्हणून काही मीटरांच्या अंतराला हवा याच लाटेपुढे सर्वांत दुबळी ठरते. दांडी आणि सपाट पृष्ठ यांच्यामधील अंतरासाठी वापरले जाणारे सूत्र असे: 3400 ला (1 अधिक 8 भागिले मीटरमधील अंतर) याने भागले की पन्नास टक्के वेळा ठिणगी पाडणारा दाब किलोव्होल्टमध्ये मिळतो. 5 मीटरला तो सुमारे 1308 येतो, 10 मीटरला 1889. अंतर दुप्पट केले तर ताकद चव्वेचाळीस टक्क्यांनीच वाढते. मनोऱ्याच्या खिडकीत फेज लटकतो तिथे रचना बरी असते आणि 1.25 च्या आसपासचा गुणक मिळतो, तरी वक्राचा कल तोच राहतो. म्हणजे सर्ज अडीच पीयूपर्यंत जाऊ द्यायचा असे ठरवले तर मनोऱ्याच्या भुजा, उंची, पोलाद, पाया आणि खालचा जमिनीचा पट्टा हे सगळे सर्जच्या वाढीपेक्षा झपाट्याने वाढत जाते. म्हणूनच 765 केव्हीला मनोऱ्याचे माप ठरवताना आकाशातल्या विजेपेक्षा आपल्याच ब्रेकरचा धाक अधिक असतो.

5 मीटरचे अंतर आणि 1.25 गुणक घेतला तर पन्नास टक्क्यांचा दाब सुमारे 1635 किलोव्होल्ट येतो. विखुरणी (प्रमाण विचलन) सहा टक्के धरून तीन विचलने खाली उतरलो तर 1341 उरतात. 1241 च्या मर्यादेशी तुलना करता हे ठीक दिसते. मात्र सर्ज येतो तेव्हा तो एकाच मनोऱ्यावर येत नाही. किलोमीटरला अडीच मनोरे धरले तर या वाहिनीवर पाचशेच्या घरात मनोरे आणि प्रत्येकावर तीन फेज आहेत, आणि त्यांतील कोणतेही एक अंतर तुटले तरी वाहिनी ट्रिप होते. शिवाय भीमा-कृष्णेच्या खोऱ्यातला हा पठारी भाग समुद्रसपाटीपासून चारशे-साडेचारशे मीटर उंच आहे, त्याचे तीनेक टक्के हवेच्या ताकदीतून वजा करावे लागतात. कागदावर शंभर किलोव्होल्टची दिसणारी उसंत अशी बारीक होत जाते, आणि 1.9 हा आकडा सल्ला म्हणून वाचायचा नसून अट म्हणून वाचायचा असतो हे त्यातून कळते.

पहिली तीन मिलिसेकंदे

या वाहिनीवर लाट सेकंदाला सुमारे 2,94,000 किलोमीटर वेगाने धावते. 208 किलोमीटर ओलांडायला तिला 0.7 मिलिसेकंद लागते. सर्ज इम्पिडन्स (धावत्या लाटेला दिसणारा वाहिनीचा अवरोध) 260 ओहमच्या आसपास असते. आता असे समजू की सोलापूरची बस (उपकेंद्रातील सगळ्या वाहिन्या जिथे जोडल्या जातात ती मुख्य पट्टी) पुरेशी मजबूत आहे, ब्रेकरला कोणताही जोड-रोध (त्याचे वर्णन पुढे येईल) नाही आणि एका फेजचा खांब, म्हणजे ब्रेकरचा त्या फेजचा भाग, नेमका दाबाच्या शिखरावर मिटला.

मिटला म्हणताना संपर्क धातूला धातू लागला असा अर्थ घेऊ नये. संपर्क जवळ येत असताना मधल्या गॅसची ताकद कमी होत जाते आणि ज्या क्षणी ती दोन टोकांमधल्या दाबाखाली जाते त्या क्षणी ठिणगी पडून परिपथ पूर्ण होतो. ही पूर्वठिणगी दाब मोठा असतानाच पडण्याकडे कल असतो, म्हणून शिखरावर मिटणे हा केवळ दुर्दैवाचा योग नव्हे. त्याची शक्यता मुळातच जास्त आहे.

शून्य क्षणी एक पीयूची पायरी रायचूरच्या दिशेने निघते. 0.7 मिलिसेकंदाला ती उघड्या टोकावर पोहोचते. तिथे प्रवाहाला पुढे वाट नाही, त्यामुळे कालव्यातली लाट बंद दारावर आपटून जशी उंच चढते तसा दाब दुप्पट होतो आणि रायचूरला दोन पीयू दिसतात. परत फिरलेली लाट 1.4 मिलिसेकंदाला सोलापूरच्या बसवर येते. मजबूत बस दाब बदलू देत नाही, म्हणून ती उलट्या चिन्हाने परावर्तित होते आणि 2.1 मिलिसेकंदाला रायचूरचा दाब खाली कोसळतो. हा झोका सुमारे 2.8 मिलिसेकंदांचा, म्हणजे साडेतीनशे हर्ट्झच्या आसपासचा असतो आणि वाहक व जमीन यांतील हानीमुळे हळूहळू विरतो.

दोन पीयू म्हणजे 1306 किलोव्होल्ट. कमाल 800 ऐवजी नाममात्र 765 केव्हीवर चार्ज केले तरी दुप्पट शिखर 1249 होते आणि 1241 ची मर्यादा थोडक्यात का होईना, ओलांडली जाते. हा आदर्श हिशेब सर्वांत सौम्य आहे. प्रत्यक्षात बसमागे रोहित्रांचे आणि इतर वाहिन्यांचे प्रेरकत्व (इंडक्टन्स) असते, त्यामुळे लाटेवर आणखी झोके चढतात. तिन्ही खांब एकाच क्षणी मिटत नाहीत, त्यामुळे आधी मिटलेल्या फेजने शेजारच्या फेजवर उमटवलेला दाब नंतरच्या खांबाच्या वाट्याला येतो. या सगळ्याची बेरीज वाईट योगात अडीच पीयूच्या पुढेही जाऊ शकते. म्हणून अभ्यास करताना एका मिटण्यावर निष्कर्ष काढत नाहीत. खांबांच्या वेळा यादृच्छिक बदलत शंभर-दोनशे वेळा संगणकावर लाइन चार्ज करतात आणि दोन टक्के वेळा ओलांडला जाणारा दाब पाहतात.

लाटेचा झोका विरल्यावर मागे उरतो तो फेरांटी परिणाम, आणि बरेच जण दोन्हींची गल्लत करतात. 208 किलोमीटरला उघड्या टोकाचा दाब पुरवठ्याच्या दाबापेक्षा अवघा अडीच टक्के जास्त असतो. खरी वाढ सोलापूरच्याच बसवर होते, कारण ही रिकामी वाहिनी सुमारे 500 मेगाव्हार (प्रतिक्रियात्मक शक्तीचे एकक) निर्माण करते. बसची फॉल्ट लेव्हल (दोष झाल्यास तिथे किती शक्ती येऊ शकते, म्हणजेच बसची मजबुती) समजा 10,000 एमव्हीए असेल तर पाच टक्के वाढ इथेच झाली. 765 चे 803 आणि रायचूरला 823. म्हणजे सर्ज विसरला तरी वाहिनी 800 च्या कमाल मर्यादेबाहेर उभी. म्हणून लाइनच्या टोकांना शंट रिअॅक्टर, म्हणजे हे मेगाव्हार शोषणारी प्रेरक वेटोळी, येतात. आपल्याकडे 765 केव्हीला 80 किंवा 110 मेगाव्हारचे एकफेजी रिअॅक्टर तीन-तीन जोडून 240 किंवा 330 मेगाव्हारचा संच करतात. पुढच्या हिशेबासाठी एकूण भरपाई सत्तर टक्के, म्हणजे 350 मेगाव्हार धरली आहे. त्यामुळे बसवरची वाढ दीड टक्क्यावर येते. पहिल्या लाटेवर मात्र रिअॅक्टरचा फारसा प्रभाव नसतो; एवढ्या वेगाने बदलणाऱ्या दाबापुढे तो जवळजवळ उघड्या टोकासारखाच वागतो. ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

जोड-रोध काय करतो

ब्रेकरच्या मुख्य संपर्काला समांतर एक रोध असतो आणि तो आधी परिपथात येतो. आठ-दहा मिलिसेकंदांनी मुख्य संपर्क मिटून त्याला बाजूला करतो. उपकेंद्रात याला सगळे पीआयआर (प्री-इन्सर्शन रेझिस्टर) म्हणतात. तो 450 ओहमचा आणि नऊ मिलिसेकंदांचा धरू.

आता लाट एक पीयूची निघत नाही. 450 आणि 260 यांच्या वाटणीत वाहिनीच्या वाट्याला 0.37 पीयू येतो. रायचूरला तो दुप्पट होऊन 0.73. परतलेली लाट सोलापूरला येते तेव्हा तिला बस थेट दिसत नाही, 450 ओहम दिसतात, आणि ती फक्त सत्तावीस टक्के परावर्तित होते, तीही त्याच चिन्हाने. दुसऱ्या फेरीअखेर रायचूरचा दाब 0.93 पीयूच्या आसपास असतो आणि त्यापुढच्या फेऱ्या नगण्य होत जातात. उसळीच्या जागी दोन-तीन पायऱ्यांचा जिना होतो.

दुसरी लाट रोध बाजूला होताना उठते. त्या क्षणी रोधावर जेवढा दाब असेल तेवढी पायरी वाहिनीवर चढते. रिअॅक्टर नसते तर चार्जिंगचा प्रवाह 377 अँपिअर, रोधावर 170 किलोव्होल्ट, शिखर 240, म्हणजे 0.37 पीयूची पायरी आणि उघड्या टोकाला ती पुन्हा दुप्पट. सत्तर टक्के भरपाई असल्याने स्थिरावलेला प्रवाह 113 अँपिअरवर येतो आणि रोधावरचे शिखर 70 किलोव्होल्टच्या घरात राहते. पहिल्या लाटेला रिअॅक्टर आवर घालत नाही, पण दुसरीची धार तो बोथट करतो. रोध लहान ठेवला तर पहिली पायरी मोठी, मोठा ठेवला तर दुसरी; 765 केव्हीला चारशे ते साडेचारशे ओहमच्या आसपासची मूल्ये आढळतात ती या दोहोंच्या तडजोडीतून.

यातील रोधाची वेळ हा नाजूक भाग आहे. नऊ मिलिसेकंद म्हणजे या वाहिनीवर लाटेच्या सहा फेऱ्या. तेवढ्यात सगळे शांत होते. समजा झीज, सैल झालेला जोड किंवा चुकीची जुळणी यांमुळे रोधाचा संपर्क उशिरा आला आणि अंतर दोन मिलिसेकंदांवर घसरले, तर एक फेरी जेमतेम पूर्ण होते आणि दुसरी लाट पहिलीच्या अंगावर चढते. म्हणून देखभालीत टायमिंग किटने मुख्य संपर्काच्या वेळेबरोबर रोधाच्या संपर्काची वेळ खांबाखांबाने पाहावी लागते. मुख्य संपर्काच्या वेळा तपासून समाधान मानण्याची सवय जुन्या 220 केव्हीच्या यार्डातून आलेली आहे. तिथे रोध नसतो, त्यामुळे ती सवय तिथे चालून जाते, इथे चालत नाही.

अरेस्टर, म्हणजे दाब ठरावीक मर्यादेपर्यंत चढला की सर्ज जमिनीत वळवणारी उपकरणे, दोन्ही टोकांना असतातच. 765 केव्हीसाठी आपल्याकडे 624 केव्ही रेटिंगचे अरेस्टर वापरतात आणि स्विचिंग सर्जच्या प्रवाहाला ते साधारण 1200 किलोव्होल्टच्या आसपास दाब धरून ठेवतात. हा आकडा 1241 च्या खालीच आहे, तर मग रोध हवा कशाला, असा प्रश्न रास्त आहे. उत्तर मधल्या मनोऱ्यांपाशी आहे. अरेस्टरचा अंकुश तो बसवलेल्या टोकापाशी पक्का असतो. सोलापूर आणि रायचूर यांच्यामध्ये, विशेषतः पलीकडच्या निम्म्यात, दाब त्याहून वर राहू शकतो. दोनशे किलोमीटर ही तशी सीमेवरची लांबी आहे. माझे मत असे की इतक्या लांबीला केवळ टोकांच्या अरेस्टरवर भागवता येईल असे अभ्यास अनेकदा दाखवू शकेल, पण वाहिनी आज जेवढी लांब आहे तेवढीच राहील आणि बस आज जितकी मजबूत आहे तितकीच असेल असे धरूनच तो निष्कर्ष निघतो. दोन विशाल ग्रिडांमधला पहिलाच एसी दुवा असताना ते धरून चालणे धाडसाचे होते.

दाबशून्य पाहून मिटवणे आणि त्याची किंमत

रोधाला पर्याय म्हणून नियंत्रित स्विचिंगचे नाव घेतले जाते. ब्रेकरच्या टोकांमधला दाब शून्यातून जात असताना प्रत्येक खांब स्वतंत्र मिटवायचा. पायरीच नाही तर लाट कुठून येणार? कल्पना सुबक आहे. त्यासाठी ब्रेकरला किती वेळ लागेल हे एक मिलिसेकंदाच्या आत ठाऊक असावे लागते, आणि ही वेळ हवेचे तापमान, नियंत्रण परिपथाचा डीसी दाब, यंत्रणेतील तेलाचा किंवा स्प्रिंगचा ताण आणि ब्रेकर किती दिवस न हलता पडून आहे यांवर सरकत राहते. सोलापूरच्या यार्डात मे महिन्यातली दुपार आणि जानेवारीतली पहाट यांत मोठा फरक असतो. नियंत्रक या गोष्टींची भरपाई करतो, पण ज्या ब्रेकरची वेळ मुळातच विस्कळीत झाली आहे त्याची भरपाई कोणताही नियंत्रक करू शकत नाही.

खरी अडचण निराळी आहे आणि ती याच वाहिनीच्या आकड्यांत स्पष्ट दिसते. दाब शून्य असताना मिटवले तर धारितेचा (कपॅसिटन्सचा) भाग शांत राहतो. पण प्रेरकत्वाला नेमका हाच क्षण सर्वांत वाईट असतो. दाबशून्यावर जोडलेल्या रिअॅक्टरमध्ये प्रवाह शिखराएवढ्या डीसी सरकीसह, म्हणजे शून्यापासून एका बाजूला तेवढा सरकून, सुरू होतो. 350 मेगाव्हारचा प्रवाह 264 अँपिअर, त्याचे शिखर 373. म्हणजे 373 अँपिअरची डीसी सरक. ब्रेकरमधून मात्र जो एसी भाग वाहतो तो धारिता आणि प्रेरकत्व यांच्या वजाबाकीचा, 113 अँपिअरचा, शिखर 160. डीसी 373 आणि एसीचे शिखर 160 असेल तर एकूण प्रवाह शून्याला स्पर्शच करत नाही. रिअॅक्टरची हानी अत्यंत कमी असते; त्याचा गुणवत्ता गुणक चारशे धरला तर डीसी भागाचा कालस्थिरांक सव्वा सेकंदाच्या पुढे जातो आणि प्रवाहाला पहिला शून्य मिळायला एक सेकंदाहून थोडा अधिक वेळ लागतो.

एसएफ6 वायूचा ब्रेकर प्रवाह शून्यातून जात असतानाच तो तोडतो. मिटवल्यानंतर लगेच, समजा शंभर मिलिसेकंदांत, एका फेजवर दोष दिसला आणि तिन्ही खांबांना उघडण्याची आज्ञा गेली, तर दोष असलेला फेज सुटतो, कारण दोषाच्या प्रवाहात शून्य असतो. निरोगी फेजचे खांब उघडतात पण संपर्कांमधली ज्योत (आर्क) विझत नाही. ब्रेकरच्या कक्षाला सेकंदभर ज्योत पोसण्यासाठी घडवलेले नसते. सर्ज टाळण्यासाठी निवडलेला क्षण ब्रेकरलाच असा धोक्यात आणू शकतो, आणि भरपाई पन्नास टक्क्यांहून जास्त असलेल्या प्रत्येक वाहिनीला हा प्रश्न लागू होतो.

इथे जुना जोड-रोध अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. 350 मेगाव्हारच्या रिअॅक्टरचे प्रेरकत्व फेजला सुमारे 5.3 हेन्री, 450 ओहमशी त्याचा कालस्थिरांक बारा मिलिसेकंदांच्या जवळ जातो. नऊ मिलिसेकंद रोध परिपथात राहिला तरी डीसी सरक ढोबळमानाने निम्म्यावर येते. 373 चे 175 झाले तर 160 च्या शिखराला शून्य गाठायला सेकंद लागत नाही, सहाएक चक्रांत तो मिळतो. रोध सर्जसाठी बसवला होता. त्याने हे दुसरे कामही केले. पीआयआर म्हणजे यांत्रिक कटकट, तो काढून टाकून नियंत्रक बसवा, असा सूर अलीकडे वारंवार ऐकू येतो आणि कटकटीविषयीची तक्रार खोटी नाही. परंतु नियंत्रकाचा क्षण ठरवताना केवळ लाटेचा विचार न करता रिअॅक्टरची डीसी सरकही हिशेबात घ्यावी लागते, हे त्या चर्चेत हमखास गळते. रोध काढायचाच असेल तर चार्ज करताना भरपाई तात्पुरती कमी ठेवणे किंवा निरोगी खांबांचे उघडणे पुढे ढकलणे, असे काहीतरी सोबत आणावे लागते.

ट्रिप झाल्यावर पुन्हा चार्ज

आतापर्यंत वाहिनी कोरी धरली. ती ट्रिप होऊन लगेच पुन्हा मिटवली तर तारांवर अडकलेला भार असतो. रिअॅक्टर नसलेल्या वाहिनीवर तो स्थिर डीसी दाबासारखा टिकतो: तारेवर उणे एक पीयू आणि बसवर अधिक एक असताना मिटवले तर पायरी दोनची, उघड्या टोकाला चारची उडी आणि शिखर तीन पीयू, म्हणजे 1960 किलोव्होल्ट. 1550 च्या सहनक्षमतेला हे झेपणारे नाही. अरेस्टर मध्ये पडतो म्हणून निभावते.

रिअॅक्टर असले की चित्र बदलते. तुटलेली वाहिनी स्वतःच्या धारितेने आणि रिअॅक्टरने झुलत राहते. सत्तर टक्के भरपाईला ही वारंवारता 50 ला 0.7 च्या वर्गमुळाने गुणून 42 हर्ट्झच्या जवळ येते. बस 50 वर आणि वाहिनी 42 वर, त्यामुळे ब्रेकरच्या टोकांमधला दाब सेकंदाला आठ वेळा फुगतो आणि ओसरतो. सव्वाशे मिलिसेकंदांच्या एका फुगवट्यात एकीकडे दोन पीयूचा फरक, दुसरीकडे जवळजवळ शून्य. नियंत्रित स्विचिंग खरे शोभते ते या ठिकाणी, कारण तोच नियंत्रक ओसरलेला क्षण हेरू शकतो. हा झोका विरायला काही सेकंद लागतात. त्यामुळे ट्रिपनंतर मिनिटभराने हाताने चार्ज करणाऱ्या ऑपरेटरला अडकलेल्या भाराची चिंता उरत नाही.

आपल्याकडे स्वयंचलित पुनर्जोडणी सहसा एकाच फेजची, सुमारे सेकंदभराच्या विरामाने होते. दोष असलेल्या फेजचा भार दोषातूनच जमिनीत जातो, म्हणून तिथे अडकलेल्या भाराचा प्रश्न येत नाही. शेजारच्या दोन जिवंत फेजमधून धारितेने पोसली जाणारी दुय्यम ज्योत सेकंदाच्या आत विझते की नाही हा प्रश्न येतो, आणि त्यासाठी रिअॅक्टरच्या न्यूट्रलला आणखी एक छोटा रिअॅक्टर लावतात.

रायचूरचा ब्रेकर

दोन ग्रिडांना जोडणाऱ्या प्रत्यक्ष क्षणी सर्ज किरकोळ असतो. सिंक चेकने (दोन्ही बाजूंचा ताळमेळ तपासणाऱ्या रिलेने) दहा अंशांच्या कोनात मिटवू दिले तर टोकांमधला फरक 0.17 पीयू, सुमारे 114 किलोव्होल्ट, आणि दोन्ही बाजूंना विभागल्यावर लाटेची पायरी त्याहूनही लहान. त्या क्षणी लक्ष ठेवायचे ते वाहणाऱ्या शक्तीवर आणि नंतर दोन ग्रिडांमध्ये सुरू होणाऱ्या संथ झोक्यांवर; तो विषय सेकंदांचा आहे, मिलिसेकंदांचा नव्हे. वाहिनीच्या रोधनाची कसोटी त्याआधी, सोलापूरचा ब्रेकर मिटला तेव्हाच होऊन गेलेली असते.

ती कसोटी नोंदीत सापडेलच असे नाही. डिस्टर्बन्स रेकॉर्डर (बिघाडाच्या वेळचे दाब-प्रवाह नोंदवणारे यंत्र) सीव्हीटीकडून, म्हणजे धारितीय दाब-रोहित्राकडून, दाब घेतो आणि सीव्हीटी 50 हर्ट्झच्या जवळपास विश्वासू असते. साडेतीनशे हर्ट्झचा झोका आणि त्याची तीव्र कड ती आपल्या अंतर्गत परिपथांच्या मर्जीप्रमाणे वाकवते. रेकॉर्डरच्या चित्रावरून ‘1.6 पीयू आला’ असे अहवालात लिहिणारे अनेक जण प्रत्यक्षात सीव्हीटीचा प्रतिसाद मोजत असतात. खरा दाब हवा असेल तर रिअॅक्टरच्या बुशिंगच्या चाचणी-टॅपवरून धारितीय विभाजक करून वेगळा रेकॉर्डर लावावा लागतो. ते न केल्यास हाती राहतो तो अरेस्टरखालचा काउंटर (अरेस्टरने किती वेळा सर्ज वाहिला ते मोजणारा). चार्ज करण्याआधी आणि नंतर तिन्ही फेजचे वाचन लिहून ठेवले तर निदान किती दाब आला नाही हे तरी कळते, कारण काउंटर हलला नसेल तर अरेस्टरने लक्षणीय प्रवाह वाहिला नाही.

2014 मध्ये सोलापूर–रायचूर दरम्यान 765 केव्हीचा दुसरा परिपथ आला. तो चार्ज करताना पहिल्या वेळी नसलेली एक निवड हाती होती: रायचूरची बस आता त्याच ग्रिडचा भाग होती, म्हणून चार्जिंग कोणत्याही टोकाकडून करता येत होते. अशा वेळी ज्या टोकाची फॉल्ट लेव्हल जास्त तिकडून मिटवणे चांगले, कारण 500 मेगाव्हारने चढणारा बसचा दाब तिथे कमी चढतो आणि बसमागच्या प्रेरकत्वाचे झोकेही आटोक्यात राहतात. पलीकडच्या टोकाचा रिअॅक्टर मात्र सेवेत असल्याची खात्री आधी करून घ्यावी. तो बाहेर असेल तर भरपाई बदलते, आणि फेरांटीपासून डीसी सरकीपर्यंतचे वरचे सगळे आकडे नव्याने काढावे लागतात.